ब्रेक पॅड घरी बदलताय? मग आधी जुना पॅड वाचायला शिका

ब्रेकमधून बारीक चीं-चीं यायला लागली की निम्मे लोक काय करतात, तर गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवतात. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. पण गंमत अशी की तो आवाज बनवणाऱ्याने मुद्दाम घालून ठेवलेला असतो. ब्रेक पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, डिस्कला, दाबून गाडी थांबवणारा तुकडा, त्याच्या पाठीवर पत्र्याची एक छोटी वाकवलेली पट्टी असते, पॅड झिजत झिजत साधारण दोन-तीन एमएमवर आला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. सगळ्या पॅडना ही पट्टी नसते, काहींना वायरवाला सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो, काहींना यातलं काहीच नसतं, तिथे आपणच अधूनमधून वाकून बघायचं. आणि चीं-चीं संपून खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला असेल तर मटेरियल संपलंय, आता पॅडची लोखंडी पाठच डिस्कला खातेय. अशी गाडी चालवू नका, जिथे आहे तिथे उभी करा.

पॅड बदलणं हे ऐकायला जेवढं भारी वाटतं तेवढं नाहीये. बहुतेक गाड्यांत एका चाकामागे दोन बोल्ट सोडायचे, दोन जुने पॅड बाहेर, दोन नवे आत, बोल्ट परत. एवढंच बघून लोक म्हणतात अरे हे तर वीस मिनिटांचं काम. खरंय, वीस मिनिटांतही होतं. पण मी आता सावकाश दोन-अडीच तास लावतो, कारण पॅड बदलण्यापेक्षा ते असे का झिजले हे बघणं जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत झालंय, आणि ते बघायला मिळतं फक्त त्या दिवशी, जेव्हा सगळं उघडून आपल्या पुढ्यात पडलेलं असतं.

आधी आत काय चालतं ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

गाडी थांबवणं म्हणजे तिचा वेग उष्णतेत बदलणं. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल तर तिच्यात साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे साधं नळाचं जवळजवळ दीड लिटर पाणी उकळेल एवढी. तुम्ही करकचून ब्रेक मारता तेव्हा ही बहुतेक सगळी उष्णता काही सेकंदांत त्या डिस्क आणि पॅडमध्ये जाते. वेग निम्मा केला की ऊर्जा निम्मी नाही, पाव होते, म्हणून घाटातून वा हायवेवरून वेगात जाऊन दर वेळी शेवटच्या क्षणी ब्रेक मारणाऱ्याचे पॅड शांत चालवणाऱ्याच्या आधी संपतात, यात पॅडचा काही दोष नसतो. आणि ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं त्यामुळे पुढच्या चाकांना जास्त काम पडतं, म्हणून बहुतेक गाड्यांत पुढचे पॅड मागच्यांच्या आधी जातात.

आता पायाचा जोर चाकापर्यंत जातो कसा. पायडल दाबलं की आधी तरफेमुळे, मग बूस्टरमुळे, म्हणजे पायाला मदत करणाऱ्या भागामुळे, जोर वाढतो, तो मास्टर सिलिंडर नावाच्या नळीतल्या ब्रेक ऑइलवर पडतो, द्रव दाबून आकसत नाही म्हणून तोच दाब पाइपातून चारही चाकांपाशी पोचतो. मास्टर सिलिंडर २० एमएम व्यासाचा आणि चाकाजवळचा पिस्टन ५४ एमएमचा धरला तर क्षेत्रफळ सातपटीहून जास्त होतं, तेवढ्याच पटीत जोर वाढतो. त्याच्या बदल्यात पिस्टन सरकतो मात्र फार थोडा, एमएमच्या काही भागाएवढा. हे थोडं सरकणं लक्षात ठेवा, शेवटी माझी जी फजिती झाली ती याच्यामुळेच झाली.

चाकाबरोबर फिरते ती डिस्क. तिच्यावर मुठीसारखा बसलेला असतो तो कॅलिपर. साध्या गाड्यांत या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला असतो. मग बाहेरच्या पॅडला कोण दाबतं? तर पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, तो पॅड डिस्कवर टेकतो, पुढे जायला जागा उरत नाही, मग पिस्टन उलट कॅलिपरलाच मागे रेटतो आणि कॅलिपर सरकताना बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे अख्खा कॅलिपर इकडेतिकडे सरकता राहिला पाहिजे, आणि तो सरकतो दोन गुळगुळीत पिनांवर, ज्या रबरी टोप्यांच्या आत ग्रीसमध्ये बसलेल्या असतात. या दोन पिना म्हणजे या सगळ्या प्रकरणातल्या घरच्या सुना, सगळं काम त्यांच्यावर आणि विचारत त्यांना कुणी नाही.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. पाय काढल्यावर पॅड मागे कसा येतो? स्प्रिंग असेल असं वाटतं, पण मुख्य काम करते ती पिस्टनभोवतीची चौकोनी कापाची रबरी रिंग. पिस्टन पुढे जाताना ही रिंग त्याला चिकटून किंचित पिळली जाते, दाब गेला की ती सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून थोडा घसरून पुढे जातो आणि नव्या जागी बसतो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला ॲडजस्ट करत राहतो. पण त्यामुळे होतं काय, पिस्टन जसजसा बाहेर येतो तसतसं त्याच्यामागे जास्त ऑइल जातं आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. ती बघून लोक वरून ऑइल ओततात. मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल डबीतून वर येऊन सांडतं. पातळी उतरली तर आधी पॅड बघा, पॅड जाड असूनही पातळी खाली असेल तर कुठेतरी गळती आहे, मग ते काम वेगळं.

जाता जाता, ब्रेकवर झिजणारा थर लावायची कल्पना किती जुनी आहे बघा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसोबत जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटरचा प्रवास, उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले तर तिने वाटेत एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ मध्ये घेतलं, पण ते खरे गाजले १९५३ मध्ये, जॅग्वारने डिस्क ब्रेकवाल्या गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली तेव्हा.

बरं, आता कामाला लागू.

पहिली गोष्ट, हे काम कुणी करायचं नाही ते. ज्याने कधी स्टेपनीसुद्धा बदललेली नाही त्याने एकट्याने सुरुवात ब्रेकपासून करू नये, जाणकार सोबत घ्या. मागच्या चाकाला बटणाचा हँडब्रेक असेल तर त्याची मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, ते मॅन्युअलमध्ये बघून कळत नसेल तर मागच्या चाकाला हात लावू नका, त्या कॅलिपरवर जबरदस्ती केली तर मोटरच जाते. आणि मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल तर तो प्रकारच निराळा, या लेखात तो नाही.

जागा सपाट आणि कडक हवी, मातीत जॅक रुततो. जी चाकं उचलणार नाही त्यांच्यापुढे-मागे लाकडाचे ठोकळे लावा. पुढचं काम असेल तर हँडब्रेक ओढून ठेवा, मागचं असेल तर हँडब्रेक सोडलेला लागतो, तेव्हा गाडी गिअरमध्ये आणि पुढची चाकं नीट अडवलेली. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा ढिले करा, नंतर हवेत चाक गरागरा फिरत राहतं आणि आपण पान्याला लोंबकळतो. मग जॅक लावून उचला आणि गाडी पेलणाऱ्या जॅक स्टँडवर बसवा. गाडीसोबत येतो तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीजवळ डोकं-हात घालायचे नाहीत. विटा रचून त्यावर तर मुळीच नाही, वीट सांगून फुटत नाही. मी स्टँड लावूनही काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवतो, दुर्दैवाने काही झालंच तर गाडी चाकावर बसेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तशीच राहू दे, क्लिप कुठली वर होती आणि कुठली खाली हे विसरलात की तिकडे जाऊन बघता येतं. मोबाइलवर फोटो काढाच, पण डोळ्यांसमोरचा नमुना तो नमुना. बदलायचे मात्र दोन्ही बाजूंचे एकदम, म्हणजे पुढचे चारही किंवा मागचे चारही, एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

चाक काढलं, स्टिअरिंग थोडं वळवलं की कॅलिपरची पाठ समोर येते. पिनांचे दोन बोल्ट दिसतील, बहुतेकदा १२ ते १४ चा पाना लागतो, काहींना ॲलन की. बऱ्याच गाड्यांत खालचा एकच बोल्ट काढून कॅलिपर झाकणासारखा वर उचलता येतो. पूर्ण काढणार असाल तर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही, आतून नळी दुखावते आणि वरून काही कळत नाही. तारेचा हुक करून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा.

काळी धूळ दिसेल, तिला फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, नव्यातली बारीक धूळही छातीत जाण्यासारखी नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ती ओली करा आणि फडक्याने पुसून घ्या.

आता पॅड बाहेर आले. इथे थांबा. नवे पॅड उघडायची घाई नको, जुने जमिनीवर मांडा, दुसरी बाजू उघडली की तिचेही त्यांच्याशेजारी, कुठला आतला, कुठला बाहेरचा, डावा की उजवा, मागे मार्करने लिहा, आणि बघा.

नव्या पॅडवर साधारण १० ते १२ एमएम मटेरियल असतं, तीनवर आलं की बदलायचं. पण नुसती जाडी बघून उपयोग नाही, चौघांची एकमेकांशी तुलना करायची. आतला आणि बाहेरचा साधारण सारखे झिजले असतील, एखाद एमएमचा फरक असेल, तर सगळं ठीक. आतला अगदी पातळ आणि बाहेरचा अजून जाडजूड असेल तर कॅलिपर सरकत नाहीये, पिना अडकल्यात, म्हणजे पिस्टन बिचारा आतल्या पॅडवरच सगळा राग काढतोय. नाहीतर पिस्टन मागे येत नाहीये, त्यानेही आतलाच पॅड जातो. उलट बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर पुढे आला पण परत मागे सरकला नाही, पुन्हा पिनांवरच संशय. पॅड पाचरीसारखा झिजलाय, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर दोनातली एक पिन चालतेय आणि एक नाही, किंवा पॅडचा कान, म्हणजे टोकाला बाहेर आलेला भाग, ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजाने अडकलाय. एका बाजूचे दोन्ही पॅड दुसऱ्या बाजूच्या मानाने फारच पातळ असतील तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीये, पिस्टन जाम असेल नाहीतर ती रबरी नळी आतून सुजून ऑइल परत येऊ देत नसेल. पॅडचं तोंड काचेसारखं चकचकीत झालंय, कडा भुगा होऊन पडतायत, तडे दिसतायत, तर तो भरपूर तापलेला आहे. आणि तोंडावर खोल रेघा असतील तर तशाच रेघा डिस्कवरही सापडतील.

माझ्या गाडीच्या एका बाजूला आतला पॅड दोन एमएमवर आणि बाहेरचा सातवर असं निघालं होतं. त्याआधी एकदा ते बाहेरून बदलून घेतले होते, आणि मी वैतागलो होतो की पॅडच हलके घातले असणार. पॅडचा काही संबंधच नव्हता. वरची पिन हाताने हलेचना. पाना लावून इकडे तिकडे, इकडे तिकडे फिरवत, वरून गंज सोडवणारा स्प्रे मारत, थोडं थांबून परत, अशी पाऊण तासाने ती बाहेर आली, टोकाला तपकिरी गंज आणि ग्रीसच्या नावाने वाळलेल्या मेणासारखी खपली. रबरी टोपीला बारीक चीर गेली होती, तिच्यातून पाणी आत जात होतं. म्हणजे त्या वेळी पॅड बदलले गेले पण पिना कुणी ओढूनही पाहिल्या नव्हत्या. तेव्हापासून माझा नियम, पॅड नंतर, पिना आधी.

तर पिना काढा, पुसून स्वच्छ करा, ज्या भोकात बसतात ते भोकही फडक्याने आतून साफ करा. पिनेवर गंजाचे खड्डे असतील किंवा टोपी फाटली असेल तर नवी घाला, घासून चमकवून परत घालण्यात अर्थ नाही. ग्रीस ब्रेकसाठीचं, रबराला चालणारं सिलिकॉनचंच लावा. चाकाच्या बेअरिंगचं किंवा डब्यातलं साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं, त्याने रबर फुगतं आणि आपण सैल करायला गेलेली पिन महिन्याभरात घट्ट आवळून बसते. आणि एक लक्षात ठेवा, दोन्ही पिना दिसायला जुळ्या असल्या तरी काही गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतं, वरची वर आणि खालची खालीच गेली पाहिजे. बसवल्यावर पिन बोटाने ढकलली तर मऊसर सरकायला हवी.

ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिपा काढा, त्यांच्याखाली गंज फुगलेला असतो तो तारेच्या ब्रशने काढा, नवीन पॅडसोबत क्लिपा आल्या असतील तर त्याच घाला. नवा पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो बसलेला नाही, अडकलेला आहे.

डिस्कवर बोट फिरवून बघा, थंड असताना अर्थातच. बाहेरच्या काठाला उंचवटा तयार झालेला असतो, तो जेवढा उंच तेवढी डिस्क झिजलीय. किमान जाडी किती हवी हे बहुतेक डिस्कवर कोरलेलंच असतं. साधा व्हर्नियर लावून मोजाल तर तो त्या काठालाच अडतो आणि जाडी जास्त दाखवतो, काठाच्या आत मोजायला हवं. किमान जाडीच्या खाली असेल, तडा असेल किंवा ब्रेक मारताना पाय थरथरत असेल तर नुसते पॅड बदलून भागणार नाही.

आता पिस्टन मागे ढकलायचा, कारण नवा पॅड जाड आहे आणि पिस्टन बाहेर आलेला आहे. आधी बॉनेट उघडून ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा, पातळी वरपर्यंत असेल तर नव्या सिरिंजने थोडं काढून घ्या, भोवती फडकं गुंडाळा. ब्रेक ऑइल रंग खातं, अंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. मग जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू आवळत न्या. सावकाश. पिस्टन सरळ, गपगुमान आत गेला पाहिजे. भरपूर जोर लावूनही तो हलत नसेल तर क्लॅम्पला पाइप लावून ताकद दाखवू नका, कॅलिपर दुरुस्तीला गेला पाहिजे. मागच्या चाकात हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन नुसता ढकलून जात नाही, तो स्क्रूसारखा फिरवत आत घालावा लागतो, त्याचं वेगळं टूल मिळतं. न फिरवता दाबलात तर आतली यंत्रणा मोडते.

हे चालू असताना पायडल कुणी दाबता कामा नये. घरात लहान मुलं असतील तर गाडीची दारं बंद ठेवा, कॅलिपर उघडा असताना कुणी उत्साहाने ब्रेक दाबला तर पिस्टन टुणकन बाहेर, सगळं ऑइल जमिनीवर, आणि मग दुष्काळात तेरावा महिना.

नवे पॅड घाला. पट्टीवाला बहुतेकदा आतल्या बाजूला जातो, पण जुन्याच्या जागेशी जुळवून बघा. तोंडाला तेलकट बोट लावू नका, लागलंच तर क्लीनरने पुसा. ग्रीस लावायचंच तर पॅडच्या कानांना आणि लोखंडी पाठीला अगदी पुसटसं, तोंडाच्या जवळपासही नाही. आणि हसू नका, पण पॅड उलटा, म्हणजे लोखंड डिस्ककडे करून बसवणारे लोक खरोखर असतात.

बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, असेल तर उत्तमच. पिनांचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन मीटरचे असतात, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. ३० न्यूटन मीटर म्हणजे एक फुटाच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर, त्यामुळे अंगातला सगळा दम लावून आवळलात तर आटे जातात. चाकाचे नट मात्र बरेच जास्त, छोट्या-मध्यम गाड्यांत बहुतेकदा शंभरच्या आसपास, तेही एकाआड एक, समोरासमोर असे आवळा आणि शेवटचं आवळणं गाडी खाली घेतल्यावर.

आता माझी फजिती. पहिल्यांदा मी हे सगळं अगदी मन लावून केलं, हात धुतले, गाडीत बसलो, स्टार्ट केली, रिव्हर्स टाकून क्लच सोडला, आणि ब्रेकवर पाय ठेवला तर पायडल थेट तळाला. पायाखाली काही नव्हतंच, हवेत पाऊल पडावं तसं. गाडी मागे चालली होती, हळूच, पण मागे फाटक होतं. हँडब्रेक खेचला म्हणून दोन बोटांवर वाचलो. झालं काय होतं, तर आपण पिस्टन सगळा आत ढकललेला असतो, तो पॅडपासून लांब असतो, आणि वर सांगितलं तसं एकदा पायडल दाबून पिस्टन फार थोडा सरकतो. म्हणजे पहिले काही दाब नुसते ती फट भरण्यात जातात. म्हणून गाडी खाली घेतल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी पायडल सावकाश दाबत राहा, दहा वेळा, पंधरा वेळा, जोवर ते वर आणि कडक लागत नाही तोवर. मग इंजिन सुरू करून परत दाबा, बूस्टरमुळे ते किंचित खाली जाईल, ते ठीक. स्पंजसारखं दबत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू तळाला जात असेल तर गाडी हलवू नका, आत हवा आहे किंवा कुठेतरी गळतंय. मी आता स्टिअरिंगवर चिकटपट्टीने कागद लावून ठेवतो, त्यावर फक्त 'पायडल' लिहिलेलं असतं.

मग डबीतली पातळी बघा, कमी असेल तर झाकणावर जो प्रकार छापलाय तोच भरा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलचे, डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, आणि डॉट ५.१ नावाने त्याच्यासारखं असलं तरी ग्लायकॉलचंच आहे, हा नावाचा घोळ भल्याभल्यांना चकवतो. ग्लायकॉलवालं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शिरलेल्याची किमान मर्यादा १५५ अंश. उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि लांब उतारावर पायडल मऊ होतं. बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी ते बदला असं सांगितलेलं असतं ते यासाठी. वर्षानुवर्षं उघडून ठेवलेल्या बाटलीतलं अजिबात घालू नका.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, हळू. नवे पॅड पहिल्या दिवशी नीट पकडत नाहीत, त्यांना डिस्कशी जुळवून घ्यावं लागतं. ताशी ५०-६० वरून मध्यम दाबाने १०-१५ पर्यंत उतरवा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या, अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवून असं आठ-दहा वेळा करा. पॅडच्या पाकिटावर वेगळं काही दिलं असेल तर ते करा. यात पॅडच्या मटेरियलचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. मध्येच गाडी थांबवून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात तर तो थर एकाच जागी जास्त चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना थरथर सुरू होते. मग थोडी गाडी ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्या. जरा वास येईल, घाबरू नका. धूर आला तर मात्र थांबा.

घरी आल्यावर दोन्ही चाकांच्या जवळ हात न्या, लावू नका, नुसता न्या. दोन्हीकडची ऊब सारखी असायला हवी, एक चाक भट्टीसारखं तापलंय आणि जोडीदार कोमट आहे तर तापलेल्या बाजूला काहीतरी अडकतंय, परत उघडा. दुसऱ्या दिवशी नट एकदा तपासा आणि ऑइलची पातळीही.

जुने पॅड मी पुढच्या बदलापर्यंत फेकत नाही. पाठीवर लिहिलेलं असतंच, 'डावा आतला', 'उजवा बाहेरचा', त्याखाली किलोमीटरचा आकडा टाकून पिशवीत घालून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवून देतो. त्या दोन एमएमवाल्या पॅडची पिशवी अजून आहे, आणि तिच्या शेजारी नंतरच्या बदलाची. दुसऱ्या पिशवीतले चारही पॅड उभे करून ओळीत लावले तर वरून पट्टी ठेवता येते, एकही डगमगत नाही.